दादाच्या लिव्हरमधले बुडबुडे

“बंद करा! मशीन बंद करा आणि परत चालू करा!” सोनोग्राफीच्या मॅडम ओरडत होत्या. “सिस्टर, बटणाचं सोडा, सरळ प्लगच काढा!”

सिस्टरने प्लग काढला. स्क्रीन काळा झाला. आणि माझा दादा... डाव्या कुशीवर, उजवा हात डोक्यावर, बरगड्यांखाली जेलचा चिखल... शांतपणे म्हणाला, “पॅकअप काय रे?”

त्याला मॅडमचं ओरडणं ऐकूच गेलं नव्हतं. चाळीस वर्षं गोरेगावच्या स्टुडिओत लाइटमन होता. त्यातली निम्मी जनरेटरच्या शेजारी उभं राहून काढली. दोन्ही कान कामातून गेलेले. कानाचं मशीन उशीला घासून शिट्टी मारायचं म्हणून ते काढून माझ्या खिशात ठेवलं होतं. म्हणून तर मला आत घेतलं होतं. खांद्यावर एक थाप म्हणजे श्वास धर, दोन थापा म्हणजे सोड. एवढंच माझं काम. बाहेर आल्यावर मी बिल्डिंगमध्ये सांगितलं की ऑपरेशन जवळजवळ मीच केलं, ती गोष्ट वेगळी.

मंडळी, मी भुताखेताच्या असल्या गोष्टी मानत नाही. मानणार कसा? आमच्या भागातल्या निम्म्या मी स्वतः बनवल्यात. दहिसर नदीच्या पुलावर लिफ्ट मागणारी बाई ऐकली असेल तुम्ही. ती माझी! पानाच्या टपरीवर उभ्या उभ्या तीन मिनिटांत जन्माला घातली होती. दोन वर्षांनी एका रिक्षावाल्याने मलाच ती ऐकवली आणि वर म्हणाला, “मेरे सगे साले ने देखा है.” गोराईच्या बोटीतून उतरताना एक माणूस जास्त भरतो, तेही माझंच. त्यामुळे गोष्ट कशी शिजवतात, मीठ कुठं टाकतात, हे मला नीट माहीत आहे. ही मी शिजवलेली नाही. शिजवली असती तर शेवट बरा केला असता.

तर नीट सांगतो.

दादाला कावीळ-बी. कधी झाली, पत्ता नाही. रक्तदान शिबिरात बिस्किटांच्या आशेने गेला आणि तिथं सापडली. आयुष्यात दारूचा थेंब नाही. फिल्मवाल्यांत चाळीस वर्षं राहून दारू नाही, म्हणजे खरं तर याला काचेच्या पेटीत ठेवायला हवं! पण लिव्हर खराब व्हायचं ते झालंच. मग दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. इतकी वर्षं काही नव्हतं, आणि या वर्षी गाठ दिसली. दोन सेंटिमीटर. सुपारीएवढी.

आता ती गाठ कसली, हे ठरवायचं कसं? सीटीमध्ये टोचतात तो डाय दादाला चालणार नव्हता, डायबेटिसमुळे त्याच्या किडन्या आधीच टेकीला आलेल्या. एमआरआयच्या औषधालाही किडनीच्या डॉक्टरांनी नकार दिला. तुकडा काढायचा तर रक्त पातळ, प्लेटलेट कमी. सुई घातली आणि आत रक्त सुटलं तर? तेव्हा बोरिवली वेस्टला ज्या हॉस्पिटलात दादाची सोनोग्राफी व्हायची, तिथल्या मॅडम म्हणाल्या, “काका, आपण बुडबुड्यांची सोनोग्राफी करू.”

मॅडम म्हणजे पस्तिशीची बाई, चष्मा डोक्यावर आणि शोधायच्या टेबलावर. पण समजावायच्या झकास. कागदावर चित्र काढलं. म्हणाल्या, लिव्हरला दोन नळांचं पाणी. एक मोठा, आतड्याकडून येणारा. एक लहान, धमनीचा. चांगलं लिव्हर जास्त करून मोठ्या नळावर जगतं. कॅन्सरची गाठ मात्र धमनीला तोंड लावून बसते. आपण हाताच्या शिरेतून बारीक बुडबुडे सोडायचे. रक्तातल्या पेशीहून लहान, आत वायू. सोनोग्राफीत ते चमकतात. धमनीतून आधी पोचतात, म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात गाठ पेटते आणि बाकीचं लिव्हर अजून अंधारात. मग मिनिट-दोन मिनिटांनी उलटं. लिव्हर उजळलेलं, गाठ हळूहळू काळवंडते.

“आधी पेटली आणि मग सावकाश विझली, तर काकांसारख्या पेशंटमध्ये तो लिव्हरचा कॅन्सर. तुकडा काढायची गरज नाही. गाठ लहान आहे, सुई घालून जाळून टाकू.”

“आणि विझलीच नाही तर?” मी विचारलं. मला उगाच प्रश्न विचारायची खोड आहे.

“तर मग मी सांगू शकणार नाही. ना हो, ना नाही.”

“आणि ते बुडबुडे आतच राहतात?”

“नाही हो. श्वासातून निघून जातात. दहा-पंधरा मिनिटांत सगळं साफ.”

मी घरी येऊन जाहीर केलं की दादाला सोडावॉटर भरणार आहेत, ढेकर आली की समजायचं कॅन्सर नाही. सगळे हसले. वहिनी हसली नाही.

वहिनी म्हणाली, “देवाक इचारल्याशिवाय मी सुई टोचूक देवचंय नाय.”

आमचं गाव कणकवलीच्या पुढं. घरातलं लग्न असो, विहीर असो, दुखणं असो, ग्रामदेवतेला कौल लावल्याशिवाय आमच्यात पान हलत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो... गुरव फुलाच्या पाकळ्या ओल्या करून देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार. डावीकडची पडली तर नको. आणि एक नियम असा की कौल लावला की तो मिळेपर्यंत उठायचं नाही. देवाने वेळ लावला तर बसायचं. फारच लावला तर गुरव माफी मागून कौल परत घेतो, मग उठायचं. पण विचारून तसंच निघून जायचं नाही. आमच्याकडे लहान पोरालाही हे माहीत असतं.

दादाला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून रविवारच्या रात्रीच्या गाडीने नारळ घेऊन मी गेलो. बुधवारी तपासणी, औषधाची बाटली त्याच दिवसासाठी मागवलेली. त्यामुळे सोमवारच्याच दुपारच्या गाडीचं परतीचं रिझर्वेशन.

सकाळी नऊला आमच्या आबा गुरवाने पाकळ्या लावल्या. ऐंशीच्या घरातला माणूस, आवाज मात्र लाउडस्पीकरसारखा.

“बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकराच्या भावाक जा काय दुखणा इला हा, तेची तपासणी करूची आसा. करूची असात तर उजवो दी, नको असात तर डावो दी, म्हाराजाऽऽ!”

“व्हय म्हाराजा!” मी.

दहा वाजले. अकरा. बारा. एक पाकळी हलेल तर शपथ. वारा आला, बाजूच्या झेंडूचा हार उडाला, पाकळ्या तशाच. मला तर वाटलं आबाने फेविकॉल लावलाय.

“आबानू, माका गाडी गाठूची आसा.”

“बस रे. देवाक घाई नाय.”

“देवाक नाय, माका आसा. तुमी कौल परत घेवा आनि मोकळा करा माका.”

“आता? देव इचार करता तवसर हात लावूचो नसता. तीन-चारापर्यंत बघूया.”

दीड वाजला. मी उठलो. चप्पल घालताना आबा एवढंच म्हणाला, “इचारलेला अर्धवट टाकून जातंस. बघ बाबा.” ओरडला नाही, शाप दिला नाही. आमच्याकडचे म्हातारे शाप देत नाहीत, नुसतं ‘बघ बाबा’ म्हणतात.

स्टेशनवरून वहिनीला फोन केला. आता तुम्हीच सांगा, काय सांगणार होतो? तिकडे बाई दोन दिवस पाण्यावर. मी म्हटलं, “उजवा! वहिनी, उजवा दिला! गाऱ्हाणं संपायच्या आत टपकन पडला. आबा म्हणाला, एवढा खणखणीत कौल पंचवीस वर्षांत बघितला नाही.”

ती रडली. मग म्हणाली, “भावोजी, जेवलात काय तुमी?”

आयुष्यात मी मारलेल्या थापांमध्ये इतकी मनापासून घेतली गेलेली दुसरी नाही.

बुधवार. सकाळचे साडेअकरा. हॉस्पिटलचा दुसरा मजला, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर डावीकडची तिसरी खोली. एसी इतका कडक की जेलची बाटली गरम पाण्यात ठेवलेली. स्क्रीनचे दोन भाग. एकात साधी सोनोग्राफी, करडी. दुसरा पूर्ण काळा, त्यात फक्त बुडबुडे दिसणार. सिस्टरने शिरेतून औषध सोडलं, मागून सलाइन ढकललं, मॅडमने घड्याळ सुरू केलं.

बारा-तेरा सेकंदांत काळ्या भागात एक बारीक रेघ आली. मग फांद्या. आणि अठराव्या सेकंदाला गाठ पेटली. काय पेटली म्हणून सांगू! चौपाटीवरची आतषबाजी झक मारेल. दादाला मान वळवून स्क्रीन दिसत होता. तो म्हणाला, “ह्यांनी बॅकलाइट बरोबर ठेवलाय.”

“काकांना बोलू देऊ नका,” मॅडम म्हणाल्या. मी खांद्यावर एक थाप मारली.

एक मिनिट. सगळं लिव्हर उजळलं. दोन मिनिटं. तीन. मॅडम दर थोड्या वेळाने पोटावर प्रोब टेकवून बघायच्या आणि उचलायच्या. सारखं बघितलं तर बुडबुडे फुटतात म्हणे. चार मिनिटं. लिव्हर फिकं पडायला लागलं. गाठ तशीच. सहा. आठ. लिव्हर पूर्ण काळं... गाठ चमकतेय. दहा. पंधरा. वीस.

“मॅडम, हे श्वासातून जातात ना?” मी.

त्यांनी एक बटण दाबलं. मशीनच्या जोरदार लहरीने असतील नसतील ते बुडबुडे फोडायचं ते बटण. स्क्रीन पांढराफेक झाला, मग काळा. अगदी काळा. मी श्वास सोडला. आणि त्याच जागी, एकेक करून, ते परत उगवले. वाहत आले नाहीत. रक्तात आता शिल्लकच नव्हते, तर वाहत येणार कुठून? जागच्या जागी उगवले. दादाने श्वास घेतला की लिव्हरबरोबर खाली जायचे, सोडला की वर यायचे. म्हणजे स्क्रीनवरचा डाग नव्हता, आतलंच काहीतरी होतं.

तेव्हा मॅडम ओरडल्या, आणि सिस्टरने प्लग काढला.

मशीन पुन्हा चालू झालं. ठिपके तिथंच. प्रोब बदलला. तिथंच. मॅडमच्या वरचे बडे सर आले, त्यांनी “आर्टिफॅक्ट”, म्हणजे मशीनचाच भास, असा शब्द उच्चारला आणि स्वतः प्रोब हातात घेतला. पाच मिनिटांनी परत दिला. शेजारच्या खोलीतलं दुसरं मशीन ढकलत आणलं. त्यातही तेच.

आणि मंडळी, तोपर्यंत मला दिसलं होतं. ते ठिपके एकसारखे पसरलेले नव्हते. थोडे डाव्या अंगाला, थोडे उजव्या अंगाला, मधे मोकळी जागा. मी मोजले नाहीत. आबाने किती पाकळ्या लावल्या होत्या ते मला आठवत होतं, म्हणूनच मोजले नाहीत.

दादाने विचारलं, “शॉट झाला ना? मग लाइट का चालू ठेवलाय?”

“तुम्हाला आत काही होतंय का, काका? गरम वाटतंय? दुखतंय?” मॅडमनी त्याच्या कानाशी वाकून विचारलं.

“काय नाय. भूक लागलीय.”

रिपोर्ट लिहायला मॅडमना एक तास लागला. त्यात एवढंच होतं की गाठ आधी पेटली, नंतर विझली नाही, निदान नक्की करता येत नाही. बुडबुडे दीड तासानंतरही होते, हे त्यांनी लिहिलं नाही. मी विचारलं का नाही लिहिलं, तर म्हणाल्या, “कुठं लिहू? तशी जागाच नाहीये या फॉर्मात.”

वहिनी बाहेर बाकावर जप करत बसली होती. म्हणाली, “चांगलाच हा ना? कौल उजवो होतो.”

मी म्हटलं, “मग! चांगलंच आहे.”

शुक्रवारी मॅडमनी परत बोलावलं. या वेळी इंजेक्शन नाही, काही नाही. नुसता प्रोब ठेवला. चमकत होते. अंधेरीहून मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर आलेला, टाय लावून. त्याने प्रोब स्वतःच्या पोटावर ठेवला — काही नाही. माझ्यावर ठेवला — काही नाही, नुसती चरबी, त्याला तीन वेळा सेटिंग बदलायला लागलं. दादावर ठेवला — ठिपके. मग लॅपटॉप बंद करत म्हणाला, “सर, सॉफ्टवेअर अपडेट करके देखते हैं.”

मी म्हटलं, “बाबा रे, कोणाचं करतोस? मशीनचं की दादाचं?”

कोणी हसलं नाही. मलाही आलं नाही हसू, खरं तर.

त्या दुपारी जिन्यात उभं राहून आबाला फोन लावला. सगळं कबूल केलं. त्यात यावेळी एका पैचं नाटक नव्हतं. “आबानू, त्या पाकळ्यांचा काय झाला? मी गेल्यावर कौल पडलो काय? खयच्या बाजूक?”

“पडले म्हणान वाटता,” आबा म्हणाला. “तू गेलंस, मगे मी जेवक गेलंय. इलंय तर सगळे खाली.”

“पण आधी खयची पडली? उजवी की डावी?”

“माका कसा कळतला? बघूक कोण होता थय?”

“मग तुमी काय केलात?”

“झाडून टाकलंय.”

मी म्हटलं, परत लावा, आत्ताच्या आत्ता लावा, मी व्हिडिओ कॉल करतो. तर म्हणाला, एकच प्रश्न देवाला दोनदा विचारत नाहीत. पहिल्याचं उत्तर दिलंय त्याने. कोणी बघितलं नाही, ही काय त्याची चूक?

पुढचं भराभर सांगतो, कारण सांगायला मला आवडत नाही.

पाच आठवड्यांत गाठ वाढली. सुपारीची लिंबाएवढी झाली. डॉक्टरांची मीटिंग बसली. ठरलं की नाव काही असो, वाढतेय तर जाळा. रक्त घट्ट व्हायला आधी बाटल्या चढवल्या. सुई घातली तेव्हा मॅडमना बुडबुडे सोडायची गरजच पडली नाही, ठिपके होतेच. त्या उजेडात सुई नेली, तुकडा काढला, गाठ जाळली. तुकडा कॅन्सरचाच निघाला.

जाळून झाल्यावर गाठीत जिवंत काही उरलंय का, हे बघायला परत बुडबुडे सोडतात. मेलेल्या जागेत रक्त जात नाही, ती काळीच राहते. दादाची काळी राहिली. ठार काळी, ठिपका नाही. मॅडमनी चक्क टाळी वाजवली. बडे सर खोलीत येऊन “वेल डन” म्हणून गेले. वहिनीने खाली येऊन वॉचमनपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, देवाने आधीच कौल दिला होता, भावोजी स्वतः बघून आले. वॉचमनने माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. मी पेढा खाल्ला. खाल्ला मी!

महिन्याने पुन्हा तपासणी. जुन्या जागी काळं. आणि तिथून चार बोटं वर, डायाफ्रामखाली, जिथं साध्या सोनोग्राफीत काहीही नव्हतं... ठिपके. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे.

“इथं गाठ आहे?” मी.

“नाही.”

“मग जाळा.”

“काय जाळू? गाठ असेल तर सुई घालीन. नुसत्या ठिपक्यांत काय घालू?”

“पण येणार तिथं! तुम्हालाही माहीत आहे येणार.”

मॅडमनी दादाकडे बघितलं. तो छताची ट्यूबलाइट बघत होता, तीस वोल्ट कमी मिळतायत म्हणाला. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “मला काही माहीत नाही. माझ्याकडे असं कुठल्याच पुस्तकात नाही. मी सरांना म्हटलं, आधीच जाळू का? ते म्हणाले, पेशंटचं निम्मं लिव्हर आधीच गेलेलं, त्यात चांगलं लिव्हर कुठल्या कारणाने जाळलंस, असं विचारलं तर काय लिहिशील?”

सात आठवड्यांनी तिथं गाठ आली. बरोबर तिथंच. तीही जाळली.

आता पाचवा महिना. गेल्या बुधवारी मॅडमनी प्रोब ठेवला. या वेळी तीन जागा होत्या. गाठ एकही नाही. रक्तातलं ते कॅन्सरचं मार्कर का काय, तेही नॉर्मल. कागदावर माझा दादा आज ठणठणीत आहे! लिव्हर बदलायचं म्हणाल तर वय आणि किडन्या दोन्ही आड येतात. औषधं द्यायची तर कशावर द्यायची? आम्ही फक्त बघायचं. कुठं येणार ते आधी कळतं, एवढीच आमची मिळकत. ते कळून करायचं काय, हे कोणालाच माहीत नाही. वाट लागलीय, आणि ती स्क्रीनवर दिसतेय, एवढंच.

मॅडम आता रविवारीही फोन करतात. “काका जेवले का?” एवढंच विचारतात. एका तपासणीनंतर मी त्यांना कौलाचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं हसतील. शिकलेली बाई. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “कौल परत घेतात म्हणालात ना, तो आता घेता येतो का?” म्हणजे बघा, कुठपर्यंत आलोय आम्ही. मी म्हटलं, पाकळ्याच झाडून टाकल्यात, परत काय घेणार?

तर, ही हकिगत. मॅडमना विचारलं, बडे सरांना विचारलं, इंजिनिअरला विचारलं, आबाला विचारलं. एकानेही थाप मारून वेळ मारून नेली नाही. चार माणसं भेटली आणि चारही खरं बोलणारी, नशीबच एकेकाचं! सगळे म्हणाले, माहीत नाही. मलाही माहीत नाही. तुमच्यापैकी कोणी या लाइनीत असेल आणि त्याने कधी असं बघितलं असेल तर खाली लिहा. ‘गॅस कुठंतरी अडकला असेल’ हे कृपया लिहू नका, ते बघून झालंय. वहिनी हे वाचेल याची भीती मला नाही. वाचलं तरी म्हणेल, भावोजींची आणखी एक थाप.

गेल्या बुधवारी तपासणीनंतर वहिनी रिपोर्टसाठी तळमजल्याच्या काउंटरला लाइनीत उभी होती. मी आणि दादा खाली, पार्किंगजवळच्या बाकावर. दुपारची वेळ. मी खिशातून कानाचं मशीन काढून त्याच्या हातात दिलं, त्याने ते लावलं, नीट बसलंय का ते बोटाने चाचपलं. मग मी बोललो. पहिल्यापासून. पाकळ्या पडल्या नव्हत्या. मी उठून आलो. उजवा मी सांगितला. हे सगळं माझ्यामुळं असेल किंवा नसेल, पण देवाने होकार दिला नव्हता, आणि तू त्या होकारावर टेबलावर झोपलास. बोलताना मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता. बासष्ट वर्षांत पहिल्यांदाच मी दादाला काही न वाढवता सांगत होतो.

दादा काचेतून काउंटरकडे बघत होता. वहिनीचा नंबर आला होता, ती पिशवीतून फाइल काढत होती.

“हिला सांगू नकोस,” तो म्हणाला. “त्या कौलावरच तिला झोप लागते.”